रिकामं खोकं आणि रेडिओतलं गाणं

या आठवड्याच्या टपालात एक पाकीट निघालं. अक्षर तुमच्यापैकी कुणाचं नव्हतं, एका आईचं होतं. पत्र थोडक्यात असं:

‘माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आजोबांचा ट्रान्झिस्टर उघडला. त्याला आता महिना झाला. निम्मे भाग बुटाच्या खोक्यात आहेत, निम्मे पलंगाखाली. आजोबांच्या सकाळच्या बातम्या बंद. विचारलं तर म्हणतो, आत काय असतं ते बघायचंय. बघून झालं, आता पुढे काय? सहामाहीत गणितात मार्क कमी पडलेत. तुमचं पान तो न चुकता वाचतो. तुम्हीच त्याला सांगा, हा उद्योग बंद कर आणि अभ्यासाला बस.’

झाली का पंचाईत! कारण मी स्वतः तुमच्याएवढा असताना घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं. झाकण काढताच आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट कपाटामागे. घड्याळ पुन्हा काही चाललं नाही. वडिलांनी काय केलं, ते मी इथे छापणार नाही!

तेव्हा त्या मुलाला काही सांगायचं, तर आधी एक गोष्ट सांगायला हवी. गोष्ट खरी आहे. तिच्यात एक रिकामं खोकं आहे, एक कर्जबाजारी माणूस आहे आणि शेवटी एक रेडिओसुद्धा आहे. ऐका तर.

साल १९७४. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाचं शहर आहे. तिथे एड रॉबर्ट्स नावाच्या माणसाची एक छोटी कंपनी होती. नाव मिट्स. ही कंपनी कॅल्क्युलेटर विकायची, आणि तेही सुट्या भागांच्या रूपात. म्हणजे डब्यात चिप, बटणं, तारा, स्क्रू आणि एक माहितीपुस्तक. जोडायचं काम तुमचं. अशा संचाला ‘किट’ म्हणतात. धंदा बरा चालला होता. पण मोठमोठ्या कंपन्या तयार कॅल्क्युलेटर घेऊन बाजारात उतरल्या आणि किंमती धडाधड कोसळल्या. रॉबर्ट्स कर्जात बुडाला.

अशा वेळी शहाणा माणूस दुकान बंद करतो. रॉबर्ट्सने काय करावं? त्याने ठरवलं, आता कॉम्प्युटरचं किट विकायचं!

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. आज प्रत्येक मोबाइलमध्ये कॉम्प्युटर आहे. पण १९७४ साली कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं यंत्र. ते असायचं विद्यापीठात, बँकेत, सरकारी खात्यात. ‘लहान’ म्हणवणाऱ्या कॉम्प्युटरलाही हजारो डॉलर पडत. साध्या माणसाने घरी कॉम्प्युटर ठेवणं म्हणजे घरच्या अंगणात आगगाडीचं इंजिन ठेवण्यासारखं! पण त्याच वर्षी इंटेल कंपनीची ८०८० नावाची एक चिप बाजारात आली होती. कॉम्प्युटरचा मेंदूच म्हणा ना, आणि तो एका बोटभर चिपमध्ये मावलेला. तिच्याभोवती रॉबर्ट्सने आपलं यंत्र रचलं. नाव ठेवलं ‘अल्टेअर ८८००’.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९७५ च्या अंकात त्याला मुखपृष्ठावर जागा द्यायचं कबूल केलं. रॉबर्ट्सने तयार केलेलं पहिलंवहिलं यंत्र मासिकाच्या कचेरीकडे रवाना झालं. आणि वाटेतच हरवलं! अंक तर छापायचा होता. दुसरं यंत्र बनवायला वेळ नव्हता. मग काय केलं? एक खोकं घेतलं, त्याला पुढून खटके आणि दिवे लावले आणि त्याचा फोटो काढला. आत काही नाही. नुसतं पोकळ!

म्हणजे घरोघरच्या कॉम्प्युटरचा जमाना ज्या चित्राने सुरू झाला, ते चित्र एका रिकाम्या खोक्याचं होतं. आहे की नाही गंमत?

किटची किंमत होती ३९७ डॉलर. वर्षाला काहीशे खपले तरी कंपनी तरेल, असा हिशेब होता. पण काही महिन्यांतच मागण्या हजारांवर गेल्या. लोकांनी न पाहिलेल्या यंत्रासाठी पैसे पाठवले आणि टपालाची वाट बघत बसले. काहींना महिनोन्महिने थांबावं लागलं.

आता एवढी वाट बघून घरी काय यायचं? एक खोकं भरून सुटे भाग. चिप, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, शेकडो बारीक टाके. प्रत्येक टाका तापल्या सळीने, शिसं-कथिलाची तार वितळवून लावायचा. याला म्हणतात सोल्डरिंग. एक टाका चुकला, एक भाग उलटा बसला, की यंत्र मुकं. चूक कुठे झाली ते यंत्र सांगत नाही. ती आपणच शोधायची. अनेकांची यंत्रं कधीच चालू झाली नाहीत, हेही सांगायला हवं.

आणि ज्यांची चालू झाली, त्यांना काय मिळालं? नीट वाचा हं. पडदा नाही. कीबोर्ड नाही. माउस नाही. पुढच्या पट्टीवर २५ खटके आणि ३६ लाल दिवे. बस्स! स्मृती, म्हणजे मेमरी, २५६ बाइट. तेवढ्यात इंग्रजीची २५६ अक्षरं मावतात. वरच्या आईच्या पत्राचं इंग्रजी केलं, तर ते सगळं मावणार नाही. वीज गेली की तेवढंही पुसून जायचं.

समजा, या यंत्राकडून ३ आणि ५ ची बेरीज करून घ्यायची आहे. कशी करायची? कॉम्प्युटरला फक्त दोन गोष्टी कळतात: आहे आणि नाही. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ खटक्यांची एक ओळ म्हणजे एक बाइट. पहिली सूचना अशी द्यायची: खाली, खाली, वर, वर, वर, खाली, वर, खाली. याचा अर्थ, ‘स्मृतीच्या अमुक घरातला आकडा उचलून आण.’ मग ते अमुक घर कुठलं, हे सांगायला आणखी दोनदा आठ-आठ खटके. साध्या बेरजेची सगळी आज्ञावली १४ बाइटची. वर ३ आणि ५ हे दोन आकडे वेगळे भरायचे. म्हणजे सोळा वेळा आठ खटके लावायचे आणि दरवेळी ‘हे साठव’ असा आणखी एक खटका दाबायचा. एक खटका चुकला, तर ती सूचना चुकली.

एवढा खटाटोप झाल्यावर उत्तर यायचं. आठ दिव्यांपैकी उजवीकडून चौथा दिवा पेटायचा, बाकीचे विझलेले. ते उत्तर ८!

तुम्ही म्हणाल, हात्तिच्या! आठ तर आम्ही बोटांवर मोजतो. बरोबर आहे. त्या वेळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही हेच विचारलं असणार: एवढे पैसे घातलेस, एवढ्या रात्री जागलास, याचा उपयोग काय?

आणि त्या प्रश्नाला या लोकांकडे धड उत्तर नव्हतं. मग त्यांनी काय केलं? आपल्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधलं. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये ३२ जण जमले. गॅरेज म्हणजे मोटार ठेवायची जागा. त्या दिवशी मोटारीऐवजी माणसं! या मंडळाचं नाव पुढे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ पडलं. घरी केलेल्या पेयाला तिकडे होमब्रू म्हणतात. म्हणजे हे आपले ‘घरगुती कॉम्प्युटरवाले’. कुणी इंजिनिअर, कुणी नुसताच हौशी. ज्याला जे कळलं, ते त्याने इतरांना सांगायचं. ज्याचं अडलं, त्याने उभं राहून विचारायचं. लाजायचं नाही.

या क्लबात एक तरुण होता, स्टीव्ह डॉम्पियर. त्याचं किट आलं तसा तो बसला आणि सुमारे तीस तासांत त्याने ते जोडलं. पण स्मृतीचा एक भाग काही केल्या चालेना. सहा तास शोधल्यावर दोष सापडला. सर्किटच्या पट्टीवर एक बारीकसा ओरखडा! तो दुरुस्त झाला आणि यंत्र चालू झालं.

एके दिवशी डॉम्पियर यंत्राला आकडे क्रमाने लावायचं काम देऊन बसला होता. शेजारी रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. आणि रेडिओ मधेच ‘झिप, झिप’ असा आवाज करायला लागला. आपण काय केलं असतं? रेडिओ बिघडला म्हणून दोन थपडा मारल्या असत्या. डॉम्पियरने कान दिला. त्याच्या लक्षात आलं, यंत्राचं काम बदललं की आवाज बदलतोय!

हे का होत होतं, ते सोपं करून सांगतो. कॉम्प्युटरच्या आत वीज सतत वरखाली होत असते. अल्टेअरमध्ये सेकंदाला वीस लाख ठोके पडायचे. वीज अशी झपाट्याने बदलली की तारांमधून रेडिओलहरी बाहेर पडतात. जवळ रेडिओ असला तर तो त्या पकडतो. आता यंत्राला एकच काम पुन्हापुन्हा, गोल गोल करायला लावलं तर? समजा, ते एका सेकंदात असे ४४० फेरे मारतं. मग रेडिओतून सेकंदाला ४४० कंपनांचा सूर येतो. फेरा छोटा केला की सेकंदात जास्त फेरे होतात आणि सूर चढतो. फेरा लांबवला की सूर उतरतो. पेटीवर आपण बोट सरकवतो ना, तसंच. फक्त इथे बोटाऐवजी आकडे.

डॉम्पियर कित्येक तास खटके वरखाली करत बसला आणि एकेक सूर शोधत गेला. कुठला आकडा भरला की कुठला सूर लागतो, याची त्याने यादीच केली. मग बीटल्स या गायकमंडळींचं ‘फूल ऑन द हिल’ हे गाणं त्याने आकड्यांत मांडलं.

एप्रिल १९७५ मध्ये क्लबची बैठक एका शाळेत भरली. डॉम्पियर यंत्र घेऊन आला. बैठकीच्या खोलीत वीजच येईना! वरच्या मजल्यावरून लांब वायर ओढून आणली. एकेक खटका लावत त्याने गाण्याचे आकडे भरले. आणि कुणाचा तरी पाय वायरला अडकला. वीज गेली. सगळं पुसलं!

तुम्ही काय केलं असतंत? डॉम्पियरने पहिल्या खटक्यापासून पुन्हा सुरुवात केली.

मग त्याने यंत्रावर एक साधा छोटा रेडिओ ठेवला आणि शेवटचा खटका दाबला. ज्या यंत्राला तोंड नव्हतं, कर्णा नव्हता, ते यंत्र गाऊ लागलं. खोलीतले सगळे हौशी, ज्यांच्यापैकी कित्येकांचं किट अजून टपालातच होतं, उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग यंत्राने आपणहूनच वाटावं असं दुसरं गाणं म्हटलं, ‘डेझी’. डॉम्पियरने मुद्दाम तेच निवडलं होतं. कारण १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका अवाढव्य कॉम्प्युटरकडून तेच गाणं गाऊन घेतलं होतं. जे काम कपाटाएवढ्या यंत्राने केलं, ते आता घरी जोडलेल्या खोक्याने केलं होतं!

आणि डॉम्पियरने ही युक्ती लपवून ठेवली का? छे! सगळी यादी छापून सर्वांना देऊन टाकली.

क्लबच्या पहिल्याच बैठकीला स्टीव्ह वॉझ्निअॅक नावाचा एक बुजरा तरुण आला होता. तिथलं बोलणं ऐकून त्याने घरी आपला वेगळा कॉम्प्युटर रचला. त्याला कीबोर्ड लावला आणि साधा टीव्ही पडद्यासारखा जोडला. त्याचा आराखडा तो क्लबात फुकट वाटायचा. १९७६ साली तोच कॉम्प्युटर ‘अॅपल १’ या नावाने विकायला आला. आणि मासिकातलं ते रिकाम्या खोक्याचं चित्र पाहून बिल गेट्स आणि पॉल अॅलन या दोन मित्रांनी अल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली. लिहिताना त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हतंच! त्यातून मायक्रोसॉफ्ट कंपनी जन्माला आली. पन्नास वर्षांनी, २०२५ साली, गेट्सने त्या जुन्या आज्ञावलीचे कागद जपून ठेवलेले सगळ्यांना बघायला खुले केले.

पण दोस्तांनो, मला सांगायचंय ते या बड्या कंपन्यांबद्दल नाही. क्लबातले बाकीचे बहुतेक लोक काही श्रीमंत झाले नाहीत. तरीही त्या दिवसांची आठवण काढताना आज सत्तरी-ऐंशीतल्या त्या आजोबांचे डोळे चमकतात. काही हौशी मंडळी आजसुद्धा घरी बसून अल्टेअरची नक्कल जोडतात. तेच खटके, तेच लाल दिवे. खिशातल्या मोबाइलसमोर ते यंत्र म्हणजे हत्तीसमोर मुंगी. मग एवढं वेड कशाचं?

मला वाटतं, याचं कारण असं. माझ्या मोबाइलमध्ये काय चाललंय, ते मला कळत नाही. तुम्हालाही नाही. तो जोडणाऱ्या एकट्या माणसालाही सगळं कळत नसेल. पण अल्टेअर ज्याने घरी जोडलं, त्याला त्यातला दिवा न् दिवा माहीत होता. दिवा का पेटला ते माहीत होतं, आणि का पेटला नाही तेही. कारण त्याने सहा तास तो ओरखडा शोधला होता! म्हणून रेडिओ खरखरला तेव्हा तो घाबरला नाही. त्याने कान दिला. छोटीशी का होईना, पण एक वस्तू पुरती आपल्याला कळलीय, हा आनंद माणूस म्हातारपणीही विसरत नाही.

आणि एड रॉबर्ट्सचं काय झालं? १९७७ साली त्याने आपली कंपनी विकून टाकली आणि जॉर्जिया राज्यात जाऊन शेती करू लागला. लहानपणी त्याला डॉक्टर व्हायचं होतं, ते राहून गेलं होतं. चाळिशी उलटल्यावर तो वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि १९८६ साली खरोखरच डॉक्टर झाला. पुढे कॉक्रन नावाच्या लहानशा गावात लोकांना तपासत राहिला. २०१० साली तो आजारी पडला, तेव्हा बिल गेट्स त्याला भेटायला इस्पितळात गेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉबर्ट्स वारला. यंत्र उघडून बघणारा माणूस शेवटी माणसं तपासू लागला. कुतूहल तेच!

आता त्या सातवीतल्या मित्रा, तुझ्याशी दोन शब्द.

तू ट्रान्झिस्टर उघडलास, याबद्दल मी रागावणार नाही. माझ्या घड्याळाची गोष्ट तू आताच वाचलीस. पण उघडणं म्हणजे निम्मंच काम, बरं का! डॉम्पियरचं यंत्र सुटं पडून राहिलं असतं, तर ते कधी गायलं नसतं. आजोबांच्या बातम्या महिनाभर बंद आहेत, हे तुझ्या कुतूहलाचं कर्ज समज. ते फेडायचं. पलंगाखालचे भाग गोळा कर. एका कागदावर चित्र काढ: कुठली तार कुठून निघते, कुठे जाते. स्क्रू वाटीत ठेव. नाही जमलं तर गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आजोबांना घेऊन जा आणि ‘काका, मला शेजारी उभं राहून बघू द्या’ असं विचार. क्लब काही अमेरिकेतच भरतो असं नाही! आणि तिथे एक गोष्ट बघशील. कंडेन्सर, रोध, वीजदाब, सगळीकडे आकडेच आकडे. सहामाहीतलं गणित तिथे तुझी वाट बघत बसलंय.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच पाळायची. सेलवर चालणाऱ्या वस्तूच उघडायच्या, त्याही घरच्यांना विचारून आणि सेल काढून. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला, म्हणजे मिक्सर, टीव्ही, चार्जर यांना, कधीही हात घालायचा नाही. काही वस्तूंच्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. ती जोरदार झटका देते.

आणि ताई, तुम्हाला विनंती एवढीच. उद्योग बंद करायला सांगू नका, पुरा करायला सांगा. दोन्हींत फार अंतर आहे. हवी तर तारीख ठरवून द्या. आणि शेवटचा स्क्रू बसेल तेव्हा आजोबांना शेजारी बसवा.

ट्रान्झिस्टर जोडून झाला की एक प्रयोग करून बघा. इतरांनीही करा. रेडिओ मीडियम वेव्हवर लावा आणि जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही, अशा जागी काटा आणा. मग चालू असलेल्या कॉम्प्युटरजवळ न्या. पेटलेल्या एलईडी दिव्याजवळ न्या. वायरला, प्लगला हात लावायचा नाही, नुसता रेडिओ जवळ धरायचा. कुठे गूंऽऽ, कुठे चर्रर्र, असे निरनिराळे आवाज येतात का ते ऐका आणि वहीत लिहून ठेवा. कॉम्प्युटरवर एखादा खेळ सुरू केला की आवाज बदलतो का, तेही बघा.

रेडिओ बिघडलाय म्हणून थप्पड मारू नका हं. आधी कान द्या.

काय ऐकू आलं ते मला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच!